सतरा ज्वेल

सुरुवातीला तर उलटंच झालं.
साठीत भिंगाशिवाय दिसायला लागलं,
डायलच्या तळातली मुंगीएवढी अक्षरंसुद्धा.
अंबडच्या बसस्टँडसमोर, माझ्या टपरीत बसून
येईल त्याला ऐटीत सांगायचो:
बघा, नजर परत यायली.
जालन्याच्या डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या,
निसारभाई, तीच मोतीबिंदूची सुरुवात.
आतलं भिंग घट्ट होत जातं,
तेव्हा जवळचं काही दिवस चांगलं दिसतं.

मग दिवे फुटले.
रात्रीच्या एस्टीला चार-चार हेडलाइट.
सेकंदकाटा दिसेना, नुसती त्याची सावली फिरायची,
आणि हेअरस्प्रिंग, केसाहून बारीक,
ती मी बोटांच्या आठवणीवर बसवायचो.
दोन वर्षं.
गल्लीतले म्हणायचे, पिकू द्या, पिकल्यावरच काढतात.
सीताफळ आहे का ते?

मोतीबिंदू. ठेवणाऱ्यानं नाव तरी काय ठेवलंय.
समोरच्या टाक सराफाला म्हटलं,
डोळ्यात मोती निघालाय, काय भाव घेता?
तो हसला नाही.
त्याच्या आईचा एक डोळा असाच
पिकायची वाट बघता बघता गेला होता.

बाईंनी टेबलावरचा प्लास्टिकचा डोळा उघडून दाखवला.
बुबुळ, बाहुली, तिच्यामागं भिंग,
भिंगाला पातळ पिशवी.
पिशवीसकट काढता?
नाही, पिशवी ठेवतो. नवं भिंग तिच्यातच बसतं.
म्हणजे केस तीच, आतलं मशीन बदलायचं.
तसंच.
किल्ली द्यावी लागते?
नाही.
गॅरंटी?
आता हसल्या. म्हणाल्या, तुमच्याइतकी.

झोपवलं. थेंब, पुन्हा थेंब.
तोंडावर हिरवं कापड, एका डोळ्यापुरतं भोक.
चाळीस वर्षं मी भिंग लावून
दुसऱ्याच्या पोटात बघत आलो,
आज वरून कुणीतरी माझ्यात बघत होतं.
मधेच तिनं श्वास धरला.
तेवढा मी ओळखला.
दुखलं नाही. पाणी वाहिल्याचा आवाज,
मशीनचा सूर, चढता, उतरता,
पांढऱ्या उजेडात गुलाबी काही, मग निळं,
मग घडी घातलेलं काहीतरी आत आलं
आणि सावकाश उलगडलं.
पंधरा मिनिटं.
एका सर्व्हिसिंगला मी दीड तास घेतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली.
खिडकीबाहेरचा पत्रा इतका निळा
की मी मान वळवली.
शमीमला विचारलं, ही जांभळी ओढणी नवी का?
म्हणाली, हिलाच तुम्ही दोन वर्षं चॉकलेटी म्हणायलाव.
उजवा झाकला: चुन्याची भिंत चहासारखी.
डावा झाकला: पांढरी.
उजवा. डावा. उजवा.
पोरासारखं काय लावलंय, ती म्हणाली,
थेंबांची वेळ झाली.

महिनाभर वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही.
मग टपरी उघडली.
पहिलंच घड्याळ कवठाळे मास्तरांचं,
मीच मागच्या दिवाळीत केलेलं.
झाकण काढलं.
माणकं लाल! डाळिंबाचे दाणे.
वर लिहिलेलंच होतं की, सतरा ज्वेल,
पण मला ती कधीपासून
गुळाच्या खड्यांसारखी दिसायची.

त्यांच्या शेजारी, पितळेवर, ओरखडे.
एक नाही.
चिमट्याचे. माझ्याच चिमट्याचे.
एक स्क्रू तर भलत्याच जागचा,
जोर लावून बसवलेला.

वही काढली. दोन वर्षांत शहाऐंशी नावं.
रोज पाच-सहा फोन लावतो.
चालू आहे की, निसारभाई.
असू द्या. आणून द्या. पैसे नाहीत.
कुणी हसतं, कुणी म्हणतं हरवलं,
एका नंबरावर बाई रडायला लागल्या,
मी सलाम करून ठेवला.
डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या मंगळवारची.
तोवर डाव्यानं काम करत नाही.

मास्तर स्टुलावर बसून होते.
म्हणाले, दिवसाला चार मिनिटं मागं पडायचं,
रोज शाळेची घंटा मी पोचायच्या आधीच.
मला वाटलं,
माझंच चालणं मंदावलंय.