एका बोटाएवढं

पोटरीला मांस असतं, मांडीला तर असतंच.
नडगीला काय? हाड, आणि वर ताणलेलं कातडं.
लहानपणी पलंगाच्या कडेला आपटली की
डोळ्यांपुढे काजवे, आणि वरून आई,
"बघून चालता येत नाही?"
नावच नडगी. नडणारच कधीतरी.

घणसोलीत पाम बीच रोड जिथे एकाएकी संपतो
तिथे आम्ही पहाटे पाचला जमायचो, भरतीच्या मुली.
आठशे मीटर. परत आठशे मीटर.
बाजूला खाडीचा चिखल, पायाखाली सिमेंट,
आणि माझे बूट मागच्या भरतीचे,
टाचेला बाहेरून इतके झिजलेले
की नुसते ठेवले तरी कलंडायचे.

पहिल्याच आठवड्यात मी अंतर दुप्पट केलं.
दुसऱ्यात नडगी बोलू लागली.
घरत सर म्हणाले, दुखतंय म्हणजे पाय तयार होतोय.
मला ते आवडलं. वहीत लिहून ठेवलं.

तेव्हा दुखणं तळहाताएवढं होतं,
आतल्या कडेने, पसरट,
सुटताना ठणकायचं, अंग तापलं की विसरायचं.
रात्री आई फ्रीजरमधली कोलंबीची पिशवी
फडक्यात गुंडाळून पायावर ठेवायची,
म्हणायची, जपून गो, रविवारी हीच शिजवायचीय.
तेव्हाच थांबले असते तर.
पण सरांच्या शिट्टीत
थांबायचा सूरच नव्हता.

मग ते आवळत आलं.
आधी नाण्याएवढं,
मग एका बोटाएवढं.
जिन्यावर दुखायचं. बसल्याबसल्या दुखायचं.
एका रात्री चादरीचा भारही सोसवेना,
पाय उघडा टाकून
समोरच्या टॉवरवरचा लाल दिवा बघत पडले.
सकाळी गोळी घेऊन धावले,
तेजलला सांगितलं, झोप झाली नाही.

शेवटी लंगडीने पकडलं.
मैदानात पोरं खेळत होती,
मी एके काळची शाळेची कॅप्टन, म्हटलं दाखवते.
उजव्या पायावर एक उडी,
आणि खाली बसले ती तेजलने उचललं तेव्हाच उठले.

वाशीला केसपेपरवर: दीक्षिता मढवी, वय बावीस.
डॉक्टर कुरेशींनी आधी पायाला हात लावलाच नाही.
"कुठे दुखतं, दाखव."
मी तर्जनी टेकवली.
त्या माझ्या बोटाकडेच बघत राहिल्या.
"असा हात फिरवून दाखवलं असतंस
तर विश्रांती सांगून घरी पाठवलं असतं.
तू बोट ठेवलंस."

एक्स-रेत काही नव्हतं. मी पिशवी उचलली.
"बस. हाड लगेच कबूल होत नाही."
एमआरआयपुढे झालं. केसाएवढी चीर.
पाळी वेळेवर येते का, जेवतेस किती,
हेही विचारलं त्यांनी.
एवढ्या महिन्यांत कुणीच विचारलं नव्हतं.

भरती पाच आठवड्यांवर. पाय आठ मागतोय.
हे गणित मी तीनदा मांडून पाहिलं,
एकदा तर आईच्या किराणा यादीच्या मागे.

आता रस्त्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसते,
मांडीवर कुबडी, हातात घड्याळ.
तेजलचे चार सेकंद कमी झालेत,
आनंदच आहे. बऱ्यापैकी आनंद.

आज नवी आलेली शर्वाणी तिसऱ्या फेरीनंतर
वाकून नडगी चोळत होती.
मी हाक मारली, इकडे ये.
दाखव. तळहाताने की बोटाने?

तिने पटकन मूठ मिटली.