गुरगुर

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून,
सुक्या बांगड्यांच्या पाटीखालून आणलेलं पिल्लू,
म्हणून नाव शुक्रू.
चार वर्षांत तिघांना चावला:
गॅसवाला, सुलक्षाचा मावसभाऊ,
आणि चतुर्थीच्या तोंडावर इनास पोदेर,
ज्याच्या पोंपोंवर आमचं घर जागं होतं.
पोटरीला सात टाके.
इनास म्हणाला, पाव फाटकाला अडकवून जाईन,
आत येणार नाही.
आवाज चढवला नाही त्याने. तेच जास्त लागलं.

भाऊ म्हणाला, चोर्ल्याच्या घाटात सोडून ये.
मी किल्ली घेतलीसुद्धा होती.
मंजिता रडली नाही,
फक्त शुक्रूचा पट्टा दप्तरात घालून
शाळेत निघून गेली.

डिचोलीच्या डॉक्टरांनी कान पाहिले, दात पाहिले,
मागचे पाय ओढून पाहिले.
दुखत कुठंच नाही, म्हणाले,
आणि कागदाच्या पाठीवर एक नंबर लिहून दिला.
कुत्र्याला शिकवणी!
इथे खाण बंद, ट्रक माडाखाली उभा,
टपाच्या गाळात अळू उगवलेलं,
आणि मी तासाचे पैसे मोजणार
कुत्र्याच्या मनासाठी.

ओडेट साळगावहून स्कूटरवर आली.
पन्नाशीची, गुडघ्याला पट्टी,
हातात कोंबडीच्या उकडलेल्या काळजाचा डबा.
त्याच्याकडे पाहिलंच नाही तिने.
पाठ करून पायरीवर बसली
आणि अर्धा तास तिरफळांच्या भावाबद्दल बोलली.
साखळीच्या टोकाला शुक्रू
आधी भुंकला, मग दमला, मग
तिच्या चपलेकडे नाक ताणून उभा राहिला.
"भियेला तो," ती म्हणाली, "आनी कितें ना."
मग मला विचारलं, चावण्याआधी गुरगुरतो?
छे, मी म्हणालो, आणि छाती थोडी पुढे आली असावी,
ती खोड मोडली मी पहिल्याच वर्षी.
वर्तमानपत्राची गुंडाळी. कधी चप्पल.

तिने डब्याचं झाकण लावलं.
तो सांगत होता, बाब,
जवळ येऊ नका म्हणून.
सांगणं तेवढं तुम्ही बंद केलंत.
भीती होती तिथंच आहे.

कुणी काही बोललं नाही.
सुलक्षा निवडलेलेच तांदूळ
पुन्हा निवडत राहिली.

मग वही आली. काय झालं, किती वाजता,
किती अंतरावर, त्याआधी काय.
सहा वीस, पोंपों, वडाच्या वळणावर. कान मागे. काळजाचे दोन तुकडे.
इनासला आम्ही पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत,
रोज दहा मिनिटं वळणावर उभा राहून
उगाच पोंपों वाजवायचा,
आणि शेजारचे पिशव्या घेऊन धावायचे.
मुसक्याची ओळख व्हायला पावसाळा सरला.
मधल्या एका पानावर
मंजिताच्या अक्षरात एक नोंद सापडली:
सात दहा, कडी वाजली. शेपूट पोटाखाली.
त्याआधी काय, या रकान्यात,
बाबा आले.

काल संध्याकाळी
फोन आपटून आत आलो,
बँकेचा होता, ट्रकच्या हप्त्याचा.
शुक्रू सोप्यावर वाटेत आडवा.
त्याला सरकवायला पाय उचलला
आणि त्याच्या छातीतून,
लांब कुठे भरला ट्रक चढ घेतो
तसा आवाज.
तीन वर्षांनी.

पाय खाली ठेवला. दोन पावलं मागे सरलो.
मंजिता ओरडत आत पळाली,
आई, शुक्रू गुरगुरला! गुरगुरला!
सुलक्षा पिठाच्या हातांनी बाहेर आली,
त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
म्हणाली,
तुम्ही फोन आपटता ना,
माझ्या पोटात गोळा येतो.

वही खिडकीत होती.
वेळ लिहिली.
दोन ओळींवर, दोनदा.