हिवऱ्याच्या फाट्यावरचा सीन

अकरा संवाद लिहिले होते मी होस्टेलवर,
प्रमाण मराठीत, शुद्धलेखन तपासून.
तो कंपनीत लागायला पुण्याला निघालाय,
ती सोडायला आलीय, एवढंच.
सातवा संवाद तिचा :
"तू गेल्यावर मला इथं करमणार नाही."

सुकेशनीनं कागद उन्हात धरला, दोनदा वाचला.
"असं कोनी बोलते का वं?
मी तं म्हनीन, डब्यात जवसाची चटनी हाये,
आडवा नोको ठेवू, तेल गयते."

मी सातवा खोडला.
आठवा आपोआप पडला.

शूटिंग म्हणजे काय, तर
फाट्यावरचा प्रवासी निवारा,
भिंतीवर अर्धी पुसलेली तणनाशकाची जाहिरात,
सायकलच्या कॅरिअरला रबरानं बांधलेला माझा फोन,
आणि उजेड वळवायला
मावशीच्या धान्याच्या कोठीचं पत्र्याचं झाकण.
ते धरून सहावीतला प्रज्योत.
त्याच्या नाकावर माशी बसली
की खेमराजच्या गालावरचं ऊन हलायचं.

बारा वाजता फोन तापला.
माठावरच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला,
तापकऱ्या पोरासारखा.
तेवढ्यात खेमराजनं संत्रं खाऊन टाकलं,
जे पाचव्या टेकपर्यंत अख्खं राहायला हवं होतं.

शेवटी म्हटलं, आता एक मिनिट
कोणी बोलू नका, हलू नका,
नुसता इथला आवाज घ्यायचाय.
(सर सांगतात, प्रत्येक जागेची शांतता वेगळी,
ती सोबत आणावी लागते,
नाहीतर कापल्या जागी भोक पडतं.)
उभे राहिलो सगळे,
माना खाली घालून, का कोण जाणे.
लांब कुठंतरी मोटर. होला.
गिट्टीवरून येणारी एक सायकल,
आणि ती थांबलेली.
लोकचंद आजा उतरले, टोपी काढली,
आमच्या रांगेच्या टोकाला उभे राहिले.
अठ्ठावन्नाव्या सेकंदाला हळूच :
"कोन गेलं बाप्पा?"

प्रज्योतनं हसता हसता झाकण सोडलं.
तो खणखणाटही आहे रेकॉर्डिंगमध्ये.

मग अमरावती. लॅबमधला तीन नंबरचा संगणक,
एकाच कानाचा हेडफोन.
खेमराजच्या हातात संत्रं, मग सालं,
मग पुन्हा संत्रं.
ते एक वेळ लपवता आलं.
पण तिचा चेहरा घेताना मी निवाऱ्यात होते
आणि त्याचा घेताना, ऊन लागतं म्हणून,
कधी पलीकडे गेले कळलंच नव्हतं.
समोरासमोर बसलेली दोघं
पडद्यावर एकाच बाजूला बघतात, डावीकडे.
ती बोलते, तो बोलतो,
आणि वाटतं, फ्रेमबाहेरच्या तिसऱ्याच कुणाशी बोलतायत.

सरांनी लाल पेननं लिहिलं :
रेष ओलांडली. पाच गुण वजा.
बरोबर आहे.

त्या एका मिनिटाची शांतता
मी सगळ्या सीनखाली अंथरली.
पुरेना, म्हणून दोनदा.
आजांचा प्रश्न कापायचा राहिला,
की ठेवला,
आता नक्की सांगता येत नाही.
चटणीच्या वाक्यानंतर कान दिला तर येतो ऐकू.

दिवाळीत मावशीला फोनवर दाखवला.
दोन मिनिटं दहा सेकंद.
आधी म्हणाली, "झाकन असं चेपलं व्हय."
पुन्हा लावायला सांगितला.
मग म्हणाली, "एसटी पाहून रायले न दोघं?"

हो. एसटी तिकडूनच येते.

तीन वर्षांपूर्वी त्याच बाकावर
आम्ही दोघी तशाच बसलो होतो,
तिकडेच बघत, साडेदहापासून.
ती काय बोलली होती आठवत नाही.
काहीतरी डब्याचं.
मी तो आडवाच ठेवला असणार.
बॅगेच्या तळाशी तेलाचा डाग आहे,
पराती एवढा नाही,
पण धुऊन जात नाही.