कानामागचं हाड

रास अल खैमाच्या उत्तरेला, खाजणाच्या काठी
शिंपल्यांचा एक ढीग आहे, पुरुषभर उंच.
कुणीतरी इथं पिढ्यान्‌पिढ्या जेवलं
आणि उष्टं तिथंच टाकून उठलं.
त्यातून आम्ही हाडं निवडतो,
तांदळातले खडे निवडावेत तशी;
फक्त इथं खडे ठेवायचे, तांदूळ टाकायचा.

मासे. कासवाच्या पाठीचा तुकडा. पुन्हा मासे.
चौथ्या थरात म्हाकू गडदेचा ब्रश थांबला.
"शेळी हाय."
डॉक्टर मौझा भिंग घेऊन वाकल्या.
शेळी की मेंढी, हे ठरवायला तक्ते लागतात,
निदान एखादी दाढ तरी.
म्हाकू माण तालुक्यातला,
खांद्यावर कोकरू घेऊन दहा हंगाम
घाट उतरलेला, चढलेला. आता इथं माती चाळतो.
"शेळीच. मेंढीचं हाड असं रुसत न्हाई."

हे नोंदवहीत कुठल्या रकान्यात लिहू?

कवटीत कानामागं एक हाड असतं,
सुपारीएवढं, सुपारीहून टणक.
बाकी सगळं ऊन खातं.
या उन्हात हाडातली अक्षरं सुटी होतात,
भिजलेल्या पत्रासारखी.
आम्ही एकतीस नळ्या पाठवल्या.
तीस मुक्या परतल्या.
एक बोलली:
आई, तिची आई, तिचीही आई
समुद्रापलीकडच्या डोंगरातली.

एवढं पाणी शेळी पोहत नाही.
म्हणजे नाव होती.
नाव म्हणजे दावं, दाव्याला हात,
आणि त्या हातांनी पोटाखाली धरून
तिला उचलून ठेवलं असणार
पाण्याच्या बुधल्याशेजारी, सावलीत.
तिनं वाटेत काय काय खाल्लं असेल,
दोर, चटई, कुणाच्या अंगावरचं.
कुणी हसलं असेल, कुणी दिली असेल शिवी.

माणसाचं हाड अजून एकही नाही.
शेळीवरून माणूस लावायचा,
वासावरून चूल लावावी तसा.

मी आले तेव्हा तिसऱ्या दिवशी माझंही रक्त घेतलं,
छातीचा फोटो काढला. चौथ्या दिवशी निरोप: फिट.
त्या नळीत माझ्या आईकडच्या सगळ्या बाया
ओळीनं उभ्या होत्या.
त्यांचं कुणी काही विचारलं नाही.
मीही नाही.

शुक्रवारी, कॅम्पच्या पाण्याच्या टाकीमागं,
म्हाकू घरी फोन लावतो.
बायकोशी बोलून झालं, पोराशी झालं, की म्हणतो,
"आता बोलडीच्या कानाला लाव."
आणि मग तोंडातून काढतो एक आवाज
जो शब्द नाही, पण शब्दच आहे:
अर्रर्र, ये, अर्रर्र.
पलीकडून घंटा हलल्याचं मला ऐकू येतं.
तो म्हणतो, बघा, वळखलं.

तेव्हापासून ते सुपारीएवढं हाड
ड्रिलखाली धरताना माझा हात जरा अडतो.
यानंच ऐकलं होतं
नावेत चढ म्हणणाऱ्याचं तोंड.
कुठली भाषा, कसला हेल,
दमदाटी होती की लाड,
भुकटीत ते उतरत नाही.

आई सापडते.
हाक नाही सापडत.

मी चष्मा पुसते,
नळीवर क्रमांक घालते: चौथा थर, शेळी.
आणि पुढं, पेन्सिलीनं, बारीक:
रुसलेली.