माहिती केंद्र, नाथसागर

कुलूप उघडायला शेवंताबाई आल्या
ओल्या हातांनी, फडकं खांद्यावर.
वीज नव्हती.
काचेआड भुसा भरलेला चित्रबलाक,
एका डोळ्याच्या जागी
शर्टाचं बटण.

फलकावर लिहिलेलं : बटण दाबा, आवाज ऐका.
मुलीनं बाराही दाबून पाहिली.
"मुकं हाय ते, पोरी. गेल्या दिवाळीपसून."
मग त्यांनीच तोंडाला पदर लावला
आणि घशातून चक्रवाक काढला,
मग टिटवी,
मग आणखी एक, ज्याचं नाव
फलकावर कुठंच नव्हतं.
"हा कोणता?"
"ह्यो आमचा. जाळ्यातले मासे पळवितो."

मधोमध धरणाचा नकाशा, प्लास्टरचा.
निळा रंग जाड,
फक्त एका जागी खरवडलेला,
नखाएवढा, आत पांढरं.
पोरांनी केलं का, मी विचारलं.
त्या फडकं फिरवत राहिल्या
पाणी सोडून सगळीकडं.

"समुद्र असाच असतो का?" मुलगी म्हणाली.
"म्या कुठं बघितलाय.
ह्याच्या तळाला जातं राहिलंय आमचं.
लई जड होतं."

नोंदवहीत नाव, गाव, अभिप्राय.
अभिप्रायाची जागा मी कोरी सोडली.

बाहेर ऊन, वेड्या बाभळी, गाळाचा वास.
खरे चक्रवाक लांब, पाण्यावर,
तिळाएवढे.
मुलीनं तोंडाला ओढणी लावून हाक दिली.
एकानंही मान वळवली नाही.
तिनं घसा खाकरला,
पुन्हा दिली.