हस्तक्षेप : हाक मारली

ऑक्टोबरात, हँगरमागच्या खोलीत,
मी तीन वर्षांचे कागद चाळते आहे.
कोणाला दिलं, काय दिलं, किती दिलं,
आणि शेवटचा रकाना : अनिष्ट परिणाम.
बहुतेक ठिकाणी एक आडवी रेघ.

मग तुमाशचा कागद येतो.

एंगादीनच्या उभ्या उतारावर गवत कापताना
यंत्र एका बाजूला गेलं, पाय दुसऱ्या.
मांडीचं हाड. वय एकसष्ट.
वजन बायकोनं सांगितलं :
ब्याऐंशी म्हणतो, पण बूट घालून.
आम्ही पंचाहत्तर धरलं.

शून्य ते दहात किती दुखतंय, मी विचारलं.
मी बर्नची; त्यांची भाषा मला चार शब्दांपुरती.
तो म्हणाला सेस. किंवा सेत.
सहा. किंवा सात.
पाती फिरतच होती.
मेंगियानं त्याच्या ओठांशी कान नेला, पुन्हा विचारलं,
आणि तो चिडून ओरडला : देश!
म्हणजे दहा.

निळ्या चिठ्ठीची सिरिंज. पिवळ्या चिठ्ठीची सिरिंज.
मेंगिया निळी उचलते, चिठ्ठी मला दाखवते,
मोठ्यानं वाचते : फेंटानिल, पन्नास.
मी म्हणते : फेंटानिल, पन्नास.
तेव्हाच दट्ट्या सरकतो.
दोन शहाण्या बायका, पाढे म्हणणाऱ्या पोरींसारख्या.

थांबलो. पुन्हा पन्नास. थांबलो. पंचवीस.
त्यानं आभाळाला एक शिवी दिली.
शिवीत जोर होता, म्हणजे श्वासात जोर होता.
मिनिटाला सोळा. लिहून घेतलं.

मग पाय ओढून सरळ केला.
तो एकदाच ओरडला,
खालच्या गाईंनी माना वर केल्या,
पट्टे आवळले गेले
आणि दुखणं उठून चालतं झालं.

इथं सावध राहायचं.
हे मला मेंगियानं शिकवलं, पहिल्याच हिवाळ्यात,
कॉफी ढवळता ढवळता :
दुखणं औषधाशी दारातच झोंबत असतं.
ते गेलं की औषध घरात एकटं.

सोळाचे अकरा. अकराचे सात.
पडद्यावर दर श्वासाची एक टेकडी उठते;
टेकड्या विरळ झाल्या,
मधे नुसतं सपाट रान.
बोटावरचा आकडा अजून सत्त्याण्णवच.
तो खरं बोलतो, पण उशिरा.

मास्क आणि पिशवी तिच्या मांडीवर तयार.
उताऱ्याची कुपी माझ्या मुठीत :
ती दिली तर श्वास परत येईल,
आणि त्याच्या मागोमाग दुखणंही, सगळं, देश.

मेंगियानं त्याच्या कानांवर हेडफोन चढवले,
हासळीच्या हाडावर बोटांनी टकटक केली
आणि उतारावरच्या माणसाला
जेवायला बोलावतात त्या आवाजात हाक मारली :
तुमाश! श्वास घे!
त्यानं घेतला.
एक टेकडी.
तुमाश!
आणखी एक.

अकरा मिनिटं.
खाली नदी, लाकडाची वखार,
एक लाल आगगाडी बोगद्यात शिरली, बाहेर आली.
वैमानिक वाऱ्याबद्दल काही सांगत होता
आणि त्याच्या वाक्यांच्या फटींतून : तुमाश. तुमाश.
माझी मूठ घामेजली, पण उघडली नाही.

रुग्णालयाच्या गच्चीवर टेकलो तेव्हा चौदा.
तो डोळे उघडून तिला म्हणाला,
एवढी काय ओरडतेस, मी काय बहिरा आहे?

आणि कागदावर, तिच्या तिरप्या अक्षरात :
श्वसन तात्पुरतं मंदावलं.
हस्तक्षेप : हाक मारली.

समितीला एकच हवंय :
घडलं, की नाही घडलं.
पेन्सिल रकान्यावर धरून मी थांबले आहे.
रेघ ओढली तर ती अकरा मिनिटं पुसली जातात.
फुली मारली तर उद्या एखादा नवा डॉक्टर
निळ्या सिरिंजला हात लावायला कचरेल
आणि कोणी दुसरा माणूस
अख्खी दरी देश, देश ओरडत पार करेल.
दोन्ही कागद मी पाहिले आहेत.
समासात जागा आहे. मी तिथं बारीक लिहू लागते.

बाहेर मेंगिया ऑक्सिजनच्या टाक्या मोजते आहे,
मोठ्यानं, समोर उत्तराला कोणी नसताना.
खिडकीतून मला सेस ऐकू येतं.
की सेत?
मी पेन्सिल ठेवते
आणि बघायला जाते.