उतार

दर बुधवारी अडीचला सेचेल येतात
विझबीचच्या या माडीवरच्या खोलीत.
कोट खुंटीला, पेन माझ्याकडे,
हात मनगटापर्यंत धुतलेले,
आणि मागणी तीच: खोका अकरा, सातवं चित्र.

पोस्टकार्डाहून लहान. त्यात पाइनची झाडं,
ओंडक्यांची झोपडी, दोन शेळ्या,
आणि तीन बोटं उंचीचा नॉर्वे.

कोरणारा हॉलंडचा. त्याच्या गावात सगळ्यात उंच
चर्चचा मनोरा, मग पवनचक्की, मग गाय.
एकदाच गेला उत्तरेला, म्हणतात, तरुणपणी,
आणि परतल्यावर जन्मभर
तांब्यावर कडेच कोरत राहिला.

सेचेल यांनी चाळीस वर्षं पंप चालवला,
इथून नऊ मैलांवर.
तिथली जमीन समुद्राच्या खाली, नदी घरांच्या वर.
पाऊस पडला की पाणी उचलून नदीत टाकायचं,
रात्री दोनला उठून, डिझेल ओतून, शिव्या देत.
"नाहीतर," ते म्हणतात, "बटाटे पोहतात."

म्हणून भिंगातून ते धबधबाच बघतात.
कडा नाही, आभाळ नाही.
"याला कुणी ढकलत नाही," पहिल्या दिवशी म्हणाले,
"आपणहून येतंय."
मला हसू आलं होतं. मी पाटणची;
आमच्याकडे पाण्याला उतार शिकवावा लागत नाही.
आमची सगळी झीज त्याला थांबवण्यात:
ताली घाला, बांध घाला,
तरी मातीसकट निघून जातं, न सांगता.

परवा डाग तपासायला
कागद उजेडासमोर धरला, तेव्हा दिसलं:
धबधब्यात एकही रेघ नाही.
दोन्ही बाजूंचे खडक सुईनं दाट, आडवेउभे,
आम्लानं खाल्लेले,
आणि मध्ये जे कोसळतं
तो नुसता कागद. तसाच सोडलेला.

मी दाखवलं. सेचेल बराच वेळ गप्प.
खिडकीबाहेर कालवा, रुळासारखा सरळ,
तोही डचांनीच आखलेला म्हणे,
काठोकाठ, हलतही नव्हता.
"म्हणजे पाण्याला त्यानं हातच लावला नाही,"
ते म्हणाले. "शहाणा माणूस."

चारला खोका मिटला.
कोटाच्या बाहीत हात शोधता शोधता
त्यांनी विचारलं, तुमच्या गावचं पाणी कुठे जातं?
पूर्वेला, म्हटलं. अख्खा देश ओलांडून.
"कुणी ढकलतं?"
नाही.

मान हलवत ते जिना उतरले,
कठडा धरून, एकेक पायरी.
पेन माझ्याकडेच राहिलं.